लाकडी सामानाची कड : योग्य पट्टीची निवड

(सुतारकाम व फर्निचर व्यवसायात पदार्पण करणाऱ्या तरुण-तरुणींसाठी कोकणात भरलेल्या एका प्रशिक्षणवर्गात एका अनुभवी कारागीर-शिक्षकांनी दिलेल्या व्याख्यानाचा हा संपादित भाग.)



आजच्या व्याख्यानाचा विषय फळ्यावर लिहिला गेला तेव्हा आपल्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर किंचित स्मित उमटलेले मी पाहिले. ते स्वाभाविक आहे. सांधा कसा करावा, करवतीला धार कशी लावावी, रंधा कसा चालवावा, हे सुतारकामातील मोठे विषय. त्यांच्यापुढे प्लायवूडच्या कडेला चिकटवावयाची बोटभर रुंदीची पट्टी ही अगदीच किरकोळ बाब वाटते. परंतु तीस-पस्तीस वर्षांच्या अनुभवानंतर मी असे म्हणण्यास धजतो की, आज आपण जे फर्निचर करतो त्याचे आयुष्य बहुतांशी या पट्टीवरच अवलंबून असते.

हा धडा मी पुस्तकातून शिकलो नाही. एका गिऱ्हाइकाचे नुकसान करून शिकलो. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात समुद्राकाठच्या एका गावी मी निवृत्त शिक्षिकाबाईंच्या स्वयंपाकघराचे काम घेतले होते. निवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेतून त्यांनी ते हौसेने करून घेतले. ओट्याखालची कपाटे पार्टिकल बोर्डाची होती. दर्शनी कडांना मी सनमायकाच्या पट्ट्या इतक्या बेमालूम बसविल्या की, पाहणाऱ्याने बोट फिरवून पाहावे. मात्र जमिनीकडची, भिंतीकडची आणि सिंकमागची कड तशीच उघडी ठेवली. ती कोणाला दिसणार होती? दुसऱ्या पावसाळ्यात बाईंचा निरोप आला. जाऊन पाहतो तो सिंकखालच्या कपाटाचा तळ फुगून पुरीसारखा झालेला, बिजागरीचे स्क्रू सैल होऊन दार लोंबकळलेले. बाई रागावल्या नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, "जे मला दिसणार नव्हते, ते तुम्हाला तरी दिसत होते ना?"

ते कपाट मी पदरमोड करून पुन्हा बांधून दिले. पण त्यांचा तो प्रश्न मी आजही प्रत्येक कामाला स्वतःस विचारतो. आज तो तुमच्यापुढे ठेवावा, एवढाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

कडेचा प्रश्न निर्माण कसा झाला?

आपले आजोबा-पणजोबा सागवान, शिसव, फणस अशा अखंड लाकडात काम करीत. त्यांना कडेला वेगळी पट्टी लावण्याचे कारण नव्हते. लाकूड पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते, हे ओळखून त्यांनी चौकटीच्या खाचेत फळी मोकळी बसविण्याची रीत काढली होती. परंतु वाढत्या वस्तीची गरज अखंड लाकडातून भागणे शक्य नव्हते, आणि ते वनसंपत्तीच्या दृष्टीने इष्टही नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत लाकडाच्या चुऱ्यापासून बोर्ड बनविण्याचे तंत्र कारखानदारीच्या पातळीवर आले. आपल्या देशात १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात दिलेल्या आदेशानंतर जंगलतोडीवर कडक निर्बंध आले, आणि निलगिरी, पॉपलर यांसारख्या शेतात लावलेल्या झाडांच्या लाकडावर प्लायवूडचा धंदा अधिकाधिक विसंबू लागला. आपल्याच राज्यात सोलापूर जिल्ह्यात उसाच्या चिपाडापासून बोर्ड तयार करण्याचा उद्योग उभा राहिला. जे एरवी भट्टीत जळून गेले असते त्याचे कपाट होते, ही निश्चितच स्वागतार्ह गोष्ट होय.

परंतु या नव्या मालाबरोबर एक नवी जबाबदारी आली. बोर्डाच्या दोन्ही बाजूंना सनमायका किंवा तत्सम आवरण असते. तेथून पाणी सहसा शिरत नाही. ते शिरते कडेतून. प्लायवूडच्या कडेला लाकडाच्या नळ्यांसारख्या पेशींची तोंडे उघडी असतात. शिवाय आतील थरांमध्ये कोठेकोठे पोकळी राहिलेली असते. पार्टिकल बोर्डाची तऱ्हा आणखी वेगळी. त्यातील लाकडाचा चुरा उष्णता व दाब देऊन चपटा केलेला असतो. त्याला पाणी मिळाले की दाबलेला कण पुन्हा मूळ आकारावर येऊ पाहतो. म्हणून हा बोर्ड लांबी-रुंदीत फारसा वाढत नाही, जाडीत फुगतो. आणि वाळल्यानंतरही पूर्वीच्या जाडीवर परत येत नाही. एमडीएफची कड वरून गुळगुळीत दिसली तरी तीही पाणी पितेच.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः प्रयोग करून पाहा. दोन्ही बाजूंना सनमायका असलेल्या एकाच बोर्डाचे दहा-दहा सेंटिमीटरचे दोन चौकोनी तुकडे कापा. एकाच्या चारही कडा पट्टीने नीट बंद करा, दुसऱ्याच्या उघड्या ठेवा. दोन्ही तुकडे एक दिवस पाण्यात बुडवून ठेवा व नंतर व्हर्नियरने त्यांची जाडी मोजा. मी जे तासभर बोलणार आहे ते ते दोन तुकडे तुम्हाला एका दृष्टिक्षेपात सांगतील.

पट्ट्यांचे प्रकार आणि त्यांचे गुणदोष

बाजारात आज अनेक प्रकारच्या कडपट्ट्या मिळतात. त्यांपैकी एकही सर्वगुणसंपन्न नाही आणि एकही टाकाऊ नाही. प्रत्येकीची जागा ठरलेली आहे.

अखंड लाकडाची पट्टी ही या सर्वांत जुनी व माझ्या मते आजही सर्वांत भरवशाची. साधारणतः ३ ते १२ मि.मी. जाडीची सागवानी पट्टी पांढऱ्या फेव्हिकॉलने व बारीक खिळ्यांनी बसविली जाते. लाकूड रेषेच्या आडव्या दिशेने हलते, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही. त्यामुळे लांब पट्टी आपली जागा सोडत नाही. ठेच लागली तर रंधा मारून, पॉलिश देऊन ती पुन्हा नवी करता येते. ही सोय दुसऱ्या कोणत्याही पट्टीत नाही. मात्र लाकूड चांगले वाळलेले हवे. लाकडात किती ओल चालेल हे ठरविताना भारतीय मानक आय.एस. २८७ मध्ये हवामानानुसार देशाचे चार विभाग केलेले आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. जी पट्टी रत्नागिरीत बसते तीच तशीच नागपूरला नेली तर तेथील उन्हाळ्यात तिचा सांधा उघडा पडू शकतो. वखारीतून आणलेली पट्टी ज्या गावी काम आहे तेथे काही दिवस मोकळ्या हवेत, सावलीत ठेवून मगच वापरावी.

व्हिनियरची पट्टी म्हणजे लाकडाचा अगदी पातळ पापुद्रा. मागे गोंद लावलेली व्हिनियर पट्टी इस्त्रीने चिकटविता येते. इस्त्री फिरविल्यानंतर गोंद थंड होईपर्यंत लाकडी ठोकळ्याने दाबून धरणे आवश्यक असते. घाई येथेच नडते. बैठकीच्या खोलीतील व्हिनियरच्या कामास ती शोभून दिसते, पण पाण्याजवळ तिचा उपयोग नाही.

सनमायकाचीच पट्टी कापून कडेला लावण्याची पद्धत आपल्याकडे फार रूढ आहे. तिचा पृष्ठभाग कठीण असतो, रंग हुबेहूब जुळतो व उरलेल्या तुकड्यांचे चीज होते. पण तिच्या पोटातील कागदाचे थर गडद असल्यामुळे कोपऱ्यावर काळी रेघ दिसते, आणि धार ठिसूळ असल्याने टवके उडतात. टेबलाच्या वा ओट्याच्या वरच्या फळीला ती लावताना प्रथम कडेची पट्टी लावून साफ करावी आणि त्यानंतर वरचा तक्ता चिकटवावा. म्हणजे सांधा वर न येता बाजूला येतो व सांडलेले पाणी थेट सांध्यात उतरत नाही. क्रम बदलण्यास खर्च काहीच लागत नाही, पण त्याने टेबलाचे आयुष्य वाढते.

पीव्हीसीची पट्टी आज सर्वत्र दिसते. स्वस्त, अनेक रंगांत उपलब्ध, आणि पाण्याला न जुमानणारी. ती ०.४ ते ०.५ मि.मी. पासून ०.८, १, २ व ३ मि.मी. पर्यंत वेगवेगळ्या जाडीची मिळते. १८ मि.मी. च्या प्लायवर दोन्ही बाजूंना सनमायका लागला की एकूण जाडी २० मि.मी. च्या आसपास जाते. म्हणून २२ मि.मी. रुंदीची पट्टी घेतात व दोन्ही बाजूंचा सुमारे एक-एक मि.मी. छाटून टाकतात. तिचा मुख्य दोष उष्णतेचा. मोकळ्या अवस्थेतील २ मीटर लांबीच्या पीव्हीसी पट्टीची लांबी २५ अंश सेल्सिअसच्या फरकाने सुमारे साडेतीन मि.मी. नी बदलते. विदर्भातील मे महिन्याची दुपार आणि डिसेंबरची पहाट यांत याहून अधिक अंतर असते. चांगला गोंद तिला धरून ठेवतो, पण कारागिराने पट्टी ताणून लावली असेल तर ती हळूहळू आकसून कोपऱ्यावर उघडी पडते. पट्टी बसवावी, ओढू नये, हा नियम पाठ करून ठेवा. आणखी एक गोष्ट. पीव्हीसीमध्ये क्लोरीन असते व ते जळताना हायड्रोजन क्लोराईड हा दाहक वायू बाहेर पडतो. म्हणून तिचे तुकडे शेकोटीत किंवा बंबात कधीही घालू नका.

एबीएसच्या पट्टीत क्लोरीन नसते, ती पीव्हीसीपेक्षा उष्णता अधिक सोसते व छाटल्यावर कड स्वच्छ निघते. युरोपात ती फार वापरली जाते. सततच्या कडक उन्हात मात्र तिचा रंग उतरू शकतो. गॅलरीतील कपाटास ती लावताना याचा विचार करावा. पॉलिप्रॉपिलीनची पट्टी लवचीक असते, रसायनांनी सहसा बिघडत नाही, पण तिला गोंद सहजासहजी धरत नाही. तिच्या पाठीवरील प्रायमरचा लेप चांगला असणे अत्यावश्यक आहे. ॲक्रिलिकच्या पट्टीत नक्षी मागील बाजूस छापलेली असल्याने चकचकीत दारांना ती काचेसारखी खोली देते. मात्र ती जपावी लागते. ॲल्युमिनियमची पट्टी जेथे सतत ठेच लागते अशा ठिकाणी, उदाहरणार्थ दुकानाच्या काउंटरला, उत्तम काम देते. समुद्राच्या खाऱ्या हवेत ती ॲनोडाइज केलेलीच घ्यावी.

गोंद : पट्टीइतकाच महत्त्वाचा

निवड केवळ पट्टीची नसते. पट्टी, गोंद आणि बोर्ड या तिघांची मिळून असते. पट्टी कितीही भारी असली तरी सांध्यातून पाणी शिरले की सारा खर्च वाया गेला.

यंत्रावर पट्टी लावताना सामान्यतः ईव्हीए जातीचा गोंद सुमारे १८० ते २०० अंश सेल्सिअसला वितळवून लावतात. तो थंड होताच पकड घेतो. सोपा व स्वस्त. परंतु जो उष्णतेने वितळतो तो उष्णतेने पुन्हा मऊ होतोच. शेगडीशेजारच्या व भट्टीच्या कपाटाची पट्टी अनेकदा सुटते ती यामुळेच. दुसरा पीयूआर जातीचा गोंद. हा कमी तापमानाला लावला जातो व नंतर हवेतील ओल घेऊन काही दिवसांत कायमचा घट्ट होतो. तो पुन्हा वितळत नाही, पाण्यालाही दाद देत नाही. मात्र त्याची किंमत अधिक आणि यंत्राची स्वच्छता काटेकोर ठेवावी लागते. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि किनारपट्टीवरील घरे यांसाठी गिऱ्हाइकाला हा खर्च समजावून सांगण्यात संकोच बाळगू नये.

आपल्यापैकी बहुतेकांकडे यंत्र नाही. आपण रबरी गोंद दोन्ही अंगांना लावून, तो बोटाला चिकटेनासा झाला की पट्टी दाबून बसवितो. ही रीत वाईट नाही. पण कोकणच्या पावसाळ्यात तिच्यात एक धोका आहे. गोंदातील द्रव उडून जाताना पृष्ठभाग थंड पडतो आणि दमट हवेतील बाष्प त्या थरावर दवासारखे साचते. डोळ्यांना ते दिसत नाही. पट्टी त्या वेळी चिकटते, पण दिवाळीपर्यंत सुटते. म्हणून मुसळधार पावसाच्या दिवशी उघड्या पडवीत हे काम करू नये. बंद, कोरड्या खोलीत करावे किंवा कड किंचित ऊब देऊन घ्यावी. या गोंदाची वाफ पेट घेणारी व शरीरास अपायकारक असते. खिडक्या उघड्या असाव्यात, आणि काम चालू असताना जवळपास कोणी विडी पेटवू नये.

गोंद कोणताही असो, कड काटकोनात, धारदार पात्याने कापलेली व भुशापासून मुक्त असली पाहिजे. बोर्डावर गुण्या लावून पाहिल्याशिवाय पट्टीला हात लावू नका.

कोणत्या जागी कोणती पट्टी?

जागेचा विचार प्रथम, रंगाचा त्यानंतर आणि भावाचा सर्वांत शेवटी, हा क्रम ठेवावा.

ज्या कडेला रोज हात लागतो, म्हणजे कपाटाची दारे, खणांचे दर्शनी भाग व टेबलाची वरची फळी, तेथे २ मि.मी. ची पट्टी लावावी. तिला गोलाई देता येते. गोल कड ठेच सोसते आणि माणसालाही बोचत नाही. ज्या घरात रांगते मूल आहे, तेथे ही बाब केवळ शोभेची राहत नाही. शाळेतील बाकांना व वाचनालयातील टेबलांना तर अखंड लाकडाची किंवा जाड पट्टीच हवी. पातळ पट्टी उकरून काढणे हा मुलांचा आवडता उद्योग असतो. आपणही तो केलेला आहे.

कपाटाच्या आतील फळ्यांना ०.८ मि.मी. ची पट्टी पुरते. भिंतीकडच्या व झाकल्या जाणाऱ्या कडांना ०.४ ते ०.५ मि.मी. ची चालते. पण चालते याचा अर्थ ती लावलीच पाहिजे, असा घ्यावयाचा.

सिंकखालच्या कपाटाला वेगळा न्याय हवा. तेथे पार्टिकल बोर्ड शक्यतो टाळावा. पाण्यास टिकणारे प्लायवूड घ्यावे. सागरी प्लायवूडचे मानक आय.एस. ७१० आहे व त्याचा शिक्का पाहूनच माल घ्यावा. कपाट जमिनीपासून सुमारे १०० मि.मी. उंच पायांवर ठेवावे, म्हणजे फरशी धुताना तळ भिजत नाही. नळासाठी पाडलेले भोक व सिंकसाठी कापलेली जागा या देखील कडाच आहेत, हे बहुतेक कारागीर विसरतात. तेथे पट्टी बसत नाही. म्हणून पॉलिशचे किंवा रंगाचे दोन हात देऊन वर सिलिकॉन भरावे. आणि गिऱ्हाइकाचा खर्च मर्यादित असेल तर सिंकखाली कडप्प्याचे कप्पे करण्याची आपल्याकडील जुनी पद्धत सांगण्यात कमीपणा नाही. जेथे लाकूड टिकणार नाही तेथे लाकूड नको म्हणणे, हेही सुताराचेच काम आहे.

येथे एक गैरसमजही दूर केला पाहिजे. कडपट्टी वाळवीला अडवीत नाही. तिचा बंदोबस्त जमिनीत व भिंतीत स्वतंत्रपणे करावा लागतो.

न दिसणाऱ्या कडेचा हिशेब

"चारही कडा बंद केल्या तर परवडणार कसे?" असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. आपण हिशेबच मांडू. ओट्याखालचे ६०० मि.मी. रुंद, ७२० मि.मी. उंच व ५६० मि.मी. खोल असे एक साधे कपाट घ्या. त्यास दोन बाजू, एक तळ, एक फळी आणि दोन दारे आहेत. बोर्डाची जाडी १८ मि.मी. धरू.

दोन्ही बाजूंच्या सर्व कडांची लांबी ५.१२ मीटर, तळाची सुमारे २.२५ मीटर, फळीची सुमारे २.२ मीटर आणि दोन दारांची मिळून सुमारे ४.०५ मीटर होते. एकूण सुमारे १३.६ मीटर. यांपैकी दर्शनी कडा, म्हणजे दारांच्या सर्व व बाकीच्यांची केवळ समोरची बाजू, यांची लांबी सुमारे ६.६ मीटर भरते. याचा अर्थ असा की, न दिसणाऱ्या कडा बंद करण्यास एका कपाटामागे अवघी ७ मीटर पातळ पट्टी अधिक लागते. तिचा भाव आपापल्या बाजारात विचारा. तीत मजुरी व गोंद मिळवा. मग त्या रकमेच्या शेजारी नवे कपाट बांधण्याचा खर्च लिहा. उत्तर तुम्हालाच मिळेल.

या हिशेबात आरोग्याचाही एक आकडा आहे, तो रुपयांत मांडता येत नाही. पार्टिकल बोर्ड, एमडीएफ व पुष्कळसे प्लायवूड यांत युरिया-फॉर्मल्डिहाइड जातीचा गोंद वापरलेला असतो. त्यातून फॉर्मल्डिहाइड हा वायू मंदपणे बाहेर पडत राहतो. नव्या कपाटाचे दार उघडताच डोळे चुरचुरतात ते यामुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेने २००४ मध्ये या वायूची गणना मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या द्रव्यांत केली. आवरण असलेल्या पृष्ठभागातून तो थोडा निघतो, उघड्या कडेतून अधिक. म्हणून कमी उत्सर्जनाचा बोर्ड घेणे हा पहिला उपाय आणि सर्व कडा बंद करणे हा दुसरा. माणसे ज्या खोलीत दार लावून रात्रभर झोपतात तेथील कपाटाच्या बाबतीत तरी हे दोन्ही उपाय व्हावयास हवेत.

दुकानात पट्टी कशी पारखावी?

पट्टीचा तुकडा हातात घेऊन दुमडा. दुमडीवर पांढरी रेघ उठली तर तिच्यात खडूसारखी भर अधिक आहे असे समजावे. पात्याने तिची धार तासून पाहा. आतील रंग वरच्या रंगाशी जुळत नसेल तर छाटल्यानंतर कड वेगळ्याच रंगाची दिसेल. पाठीवर प्रायमरचा सारखा लेप आहे की नाही ते पाहा. उन्हात, धुळीत पडलेले गुंडाळे घेऊ नका. सनमायका व पट्टी एकाच वेळी, दिवसाच्या उजेडात जुळवून घ्या; दुकानातील दिव्याखाली जुळलेला रंग घरी वेगळा दिसतो. आणि कामास लागेल त्याहून दोन-तीन मीटर पट्टी अधिक घेऊन ती गिऱ्हाइकाच्या हवाली करा. पुढे कधी दुरुस्ती निघाली तर तीच पट्टी उपयोगी पडते.

बोर्डाच्या बाबतीतही मानकांची ओळख ठेवा. सर्वसाधारण प्लायवूडसाठी आय.एस. ३०३, पार्टिकल बोर्डासाठी आय.एस. ३०८७ व एमडीएफसाठी आय.एस. १२४०६ ही मानके आहेत. गिऱ्हाइकाला हे आकडे पाठ नसतात. ते आपल्याला पाठ असणे हीच आपली पत.

लहान कारागिराचे भवितव्य

मित्रहो, आज कारखान्यात तयार झालेले फर्निचर गावोगावी पोहोचले आहे. त्याच्या कडा यंत्राने लावलेल्या असतात व त्या सफाईदार असतात, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. मग आपण टिकणार कसे? माझे उत्तर असे की, यंत्र प्रत्येक कडेला सारखेच वागविते. कोणत्या घराची भिंत पावसाळ्यात पाझरते, कोणत्या खिडकीतून झड आत येते, कोणत्या घरात लहान मूल आहे, हे त्याला ठाऊक नसते. ते आपल्याला ठाऊक असते. ते ज्ञान आपण वापरले तर आपण टिकू. न वापरले तर टिकण्याचा आपल्याला अधिकारही नाही.

साधनांचीही सोय करता येण्यासारखी आहे. चार-पाच कारागिरांनी एकत्र येऊन पट्टी लावण्याचे लहान यंत्र घेतले, किंवा तालुक्याच्या गावी ज्याच्याकडे असे यंत्र आहे त्याच्याकडून कापलेल्या बोर्डांना पट्टी लावून आणली, तरी कामाचा दर्जा पुष्कळ सुधारतो. केंद्र शासनाने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या पी.एम. विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांमध्ये सुतारकामाचा समावेश आहे. तीत प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य व दोन टप्प्यांत एकूण ३ लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज यांची तरतूद करण्यात आली. अशा योजनांची माहिती आपल्या ग्रामपंचायतीतून करून घ्यावी.

परंतु यंत्र आले, कर्ज मिळाले, उत्तम गोंद हाती आला, तरी शेवटचा निर्णय कारागिराच्या हाती राहतो. कपाट भिंतीला टेकण्यापूर्वीचा एक क्षण असा असतो की, त्या वेळी मागची कड फक्त आपल्यालाच दिसत असते. त्यानंतर ती कोणालाच दिसत नाही. पावसाळा मात्र तिला बरोबर शोधून काढतो. त्या बाईंनी मला विचारलेला प्रश्न त्या एका क्षणी आठवावा आणि हातातली पट्टी तेथेही लावावी, एवढीच माझी आपणा सर्वांस विनंती आहे.